तीस मीटरवरची जोडीदार

लॉन बाउल्समध्ये जोडीने खेळायचं म्हणजे जोडीदारापासून लांब उभं राहायचं. एक जण मॅटवरून बाउल, म्हणजे जड चेंडू, टाकतो, दुसरा हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला जॅकपाशी, म्हणजे ज्याच्या जवळ बाउल न्यायचा त्या लहान चेंडूपाशी, उभा राहून खुणा करतो, आणि दोघांच्या मध्ये पंचवीस-तीस मीटर गवत. लीडचे, म्हणजे जोडीत आधी खेळणाऱ्याचे, बाउल टाकून झाले की जागांची अदलाबदल होते. लीड जॅककडे चालू लागतो, आणि स्किप, म्हणजे नंतर खेळणारा म्होरक्या, मॅटकडे. मध्येच कुठेतरी दोघं एकमेकांना ओलांडतात आणि पुढे जातात. एका एंडमागे, म्हणजे सगळ्यांचे बाउल एका दिशेने टाकून होण्याच्या एका फेरीमागे, हक्काची भेट ती एवढीच. आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासद बाईंची माझी ओळख झाली ती बहुतेक सगळी अशी, जाता-येता.

मी त्यांना इथे बाईच म्हणते. क्लबात लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण इतक्या मोठ्या बाईंना नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

बॅडमिंटन गुडघ्यांमुळे सुटलं म्हणून मी बाउल्सकडे वळले. म्हाताऱ्यांचा खेळ, जमेल आपल्याला, असा हिशेब. मोसमाच्या सुरुवातीला सेक्रेटरींनी फलकावर जोड्या लावल्या त्यात माझं नाव बाईंच्या नावाखाली होतं. त्यांच्या आधीच्या जोडीदाराने खेळ सोडला होता. "कडक आहेत हां," असं मला किमान तिघांनी तरी दबक्या आवाजात सांगितलं. कडक म्हणजे काय ते मात्र कुणी सांगेना.

पहिल्या दिवशी त्यांनी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. "डाव्या कानाने मला अजिबात ऐकू येत नाही. जाता-येता बोलायचं असेल तर माझ्या उजव्या बाजूने जा. नसेल तर कुठूनही जा." एवढं सांगून त्यांनी माझे हात पुढे करायला लावले. बाउलचा आकार हातावरून ठरतो. दोन्ही हातांची मधली बोटं आणि अंगठे बाउलच्या भोवती फिरवून एकमेकांना टेकले पाहिजेत. माझे टेकेनात. क्लबच्या कपाटातून एक आकार लहान बाउल काढला, तेव्हा टेकले. मग त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि दोन्ही बाजूंच्या चकत्या दाखवल्या, एक मोठी, एक लहान. "लहान चकती जिकडे, तिकडे हा वळणार. एवढं विसरलीस तर बाउल शेजारच्या पट्ट्यात, रिंकमध्ये जाईल आणि तिथले लोक टाळ्या वाजवतील."

माझा समज होता की बाउलच्या एका बाजूला आत शिसं किंवा तसलंच काही जड भरलेलं असतं, म्हणून तो वळतो. बाईंनी मान हलवली. वजनाचा संबंध नाही, घडणीचा आहे. बाउल पूर्ण गोल नसतोच, एका बाजूने किंचित वेगळा घासलेला असतो. वेगात असताना जवळजवळ सरळ जातो आणि वेग मंदावला की जास्त वळायला लागतो. म्हणून जॅकवर नेम धरून टाकलेला बाउल जॅकपाशी कधीच पोहोचत नाही. नेम धरायचा तो बाजूच्या रिकाम्या गवतावर, आणि तो आपणहून आत येईल असा भरवसा ठेवायचा. आयुष्यभर शटलवर डोळा ठेवून खेळलेल्या बाईला हे पचायला बराच काळ लागला.

त्या स्वतः वाकत नाहीत. पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांच्याकडे बोलिंग आर्म आहे, म्हणजे एक लांब दांडी, खालच्या टोकाला बाउल धरणारे दोन पंजे आणि मुठीपाशी तो सोडायचा खटका. उभ्याउभ्या हात मागे जातो, पुढे येतो, खटका दाबला जातो, आणि बाउल गवतावर असा टेकतो की आवाज होत नाही. मी वाकून, गुडघा दुमडून टाकलेला बाउल धप्पकन पडायचा. त्या धप्पकडे त्या पलीकडच्या टोकावरून नुसतं बघायच्या. ऐकू गेलेलं नसणार, पण दिसायचं.

खुणांची भाषा तिथूनच सुरू झाली. दोन्ही तळहात समोरासमोर धरून अंतर दाखवायचं, जॅकच्या अलीकडे की पलीकडे ते हाताने सांगायचं. डावा हात लांब केला तर त्या बाजूने टाक. दोन्ही हात खाली दाबल्यासारखे केले तर जोर कमी. बहुतेक स्किप ओरडून सांगतात. बाई ओरडत नाहीत, आपला आवाज किती मोठा होतो ते त्यांना नीट कळत नाही म्हणून. त्यामुळे आमच्या रिंकवर इतकी शांतता असायची की प्रतिस्पर्धी अवघडायचे. मला सुरुवातीला वाटायचं आपण भांडलोय असा लोकांचा समज होईल. झालाही असेल.

त्यांच्या खुणांत एक गोष्ट नव्हती. बाउल चुकला की इतर स्किप "हरकत नाही", "छान प्रयत्न" असं काहीतरी करतात, अंगठा दाखवतात. बाई फक्त अंतर दाखवायच्या. फूटभर कमी पडला तर फूटभर. चांगला पडला तरी अंतरच, तळहात जवळ आणलेले. कडक म्हणजे हे असावं. मला ते आवडायला लागलं, कारण त्यांचं फूटभर हे खरंच फूटभर असायचं. टेपने मोजलं तरी बोटा-दोन बोटांचाच फरक.

हे कुठून आलं ते एकदा पाऊस येऊन खेळ थांबला तेव्हा कळलं. शेडमध्ये उभ्या असताना मी विचारलं, तर म्हणाल्या, "नकाशे काढायचे. हाताने, शाईने." नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी सर्वेक्षणाच्या कचेरीत रेषा ओढण्यात घालवली होती. अंतर डोळ्यांनी वाचायची सवय तिथली. मग कॉम्प्युटर आले, त्या निवृत्त झाल्या. त्यावर अधिक काही बोलल्या नाहीत, पाऊस थांबला म्हणून.

लीडचं काम सोपं समजलं जातं, म्हणून नवख्यांना तिथे ठेवतात. मॅट टाकायची, जॅक सोडायचा, तो २३ मीटरच्या आत राहिला नाही ना ते पाहायचं, स्किप त्याला मध्यरेषेवर आणून ठेवेपर्यंत थांबायचं, आणि मग आपले बाउल जॅकच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. बाईंच्या मते अवघड काम हेच. स्किपला समोर काहीतरी मांडलेलं मिळतं, लीडला कोरं गवत. आणि गवत रोज वेगळं. हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात: बाउल हातातून सुटल्यापासून साधारण २७ मीटरवर थांबेपर्यंत किती सेकंद लागले. गंमत अशी की जास्त सेकंद म्हणजे जास्त वेगवान हिरवळ. दहा सेकंदांची हिरवळ जड, जोर लावावा लागतो. पंधरा सेकंदांच्या हिरवळीवर हलकेच सोडलेला बाउल रेंगाळत, वळत, चालतच राहतो, त्यामुळे नेमही बराच बाहेर धरावा लागतो. बाई सामन्याआधी बुटाचा तळवा गवतावर एकदा घासायच्या आणि "आज अकरा" म्हणायच्या. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. त्यांनी ते बघितलं, पण किती आलं ते विचारलं नाही.

खरी अडचण मात्र ओलांडून पलीकडे गेल्यावर यायची. माझे बाउल संपले की मी जॅकपाशी आणि बाई मॅटवर. म्हणजे आता खुणा मी करायच्या, आणि त्या मला विचारणार. ज्या बाईंनी खेळात उभं आयुष्य काढलं त्यांना मी काय सांगणार? पहिले काही सामने मी दोन्ही हात पसरून "तुम्हाला वाटेल तसं" अशा अर्थाचं काहीतरी करत राहिले. एका एंडनंतर त्या मुद्दाम चालत माझ्यापर्यंत आल्या. उजवा कान माझ्याकडे करून म्हणाल्या, "मी तीस मीटर लांब आहे. मला तिथून सगळे बाउल एका ओळीत दिसतात. कुठला पुढे, कुठला मागे, फट केवढी, हे तुला दिसतं. मला सल्ला नको, बातमी दे."

त्यानंतर बातमी द्यायला शिकले. ते वाटतं तितकं सोपं नाही. जॅकभोवती सहा बाउल पडलेले असतात, त्यांतला शॉट, म्हणजे जॅकला सगळ्यात जवळचा बाउल, कुणाचा ते उभं राहून दिसत नाही, वाकून दोन-तीन बाजूंनी पाहावं लागतं. आपला आहे असं वाटायला लागतं, कारण आपला असावा असं वाटत असतं. मी एकदा आपला शॉट म्हणून खूण केली, तेव्हा बाईंनी तिथूनच बोट वर करून फिरवलं, म्हणजे दुसऱ्या बाजूने बघ. दुसऱ्या बाजूने तो समोरच्या जोडीचा दिसत होता.

मोजमापाबाबत तर त्यांचा नियम ठरलेला. एंड संपला की दोन्ही लीड मिळून शॉट किती, म्हणजे गुण किती, ते ठरवतात, शंका आली तर मोजतात. दोरीचं माप असतं, एक टोक जॅकला लावायचं, दुसरं बाउलकडे न्यायचं, आणि ते करताना दोन्हींपैकी काहीही हलता कामा नये. माप लावलं की बाई पाठ फिरवून हिरवळीबाहेर बघत उभ्या राहायच्या. एकदा समोरच्या लीडने उदारपणे "असू दे, तुमचाच" म्हणून शॉट देऊन टाकला. मी आनंदाने बोटं वर केली. बाईंनी लांबूनच माप लावायची खूण केली. मोजल्यावर तो समोरच्या जोडीचा निघाला. आम्ही तो सामना हरलो, त्या एका शॉटने नव्हे, पण मला जाताना तोच दिसत होता. बाईंना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. त्या बॅगेत बाउल भरताना मला खडूची कांडी देऊन म्हणाल्या की तुझी संपत आलीय, ही घे. जॅकला लागून गेलेल्या बाउलवर खडूची खूण करतात. असा बाउल पुढे हिरवळीच्या कडेच्या चरात पडला तरी बाद होत नाही. ती खूण पुढचा बाउल येऊन थांबायच्या आत करायची असते, आणि लीडच्या खिशात खडू नसणं हे बाईंच्या लेखी मॅटवर उशिरा येण्याइतकंच वाईट.

आता बाईंच्या भावाची गोष्ट. ती मी जशी ऐकली तशीच सांगते.

सामना दुपारचा, हिरवळ जड, समोरची जोडी रेंगाळणारी. त्या दिवशी बाईंच्या बॅगेत नेहमीच्या बाउलसोबत एक जुना, काळपट तपकिरी लाकडी बाउल होता. मी विचारलं, पण तेवढ्यात खेळ सुरू झाला. पहिल्या एंडला ओलांडताना त्या म्हणाल्या, "लिग्नम व्हायटी. पाण्यात टाकलं तर बुडतं ते लाकूड. पूर्वी सगळे याचेच असत." आणि गेल्या.

पुढच्या एंडला: "भावाचे होते. चारही."

त्याच्या पुढच्या एंडला मीच थोडी हळू चालले. "तो माझ्याशी बोलत नव्हता. घरावरून." मी काही म्हणायच्या आत त्या चार पावलं पुढे.

मग गोष्टीपुरता एक एंड फुकट गेला. माझा दुसरा बाउल चुकून शॉट बसला होता आणि ओलांडताना त्या फक्त इतकंच म्हणाल्या, "आता त्याच्यापुढे आपलाच बाउल आडवा यायला नको, मी दुसऱ्या बाजूने, बॅकहँडने येते. मागची फट सांग." मी मागची फट सांगितली. त्यांनी बाउल बरोबर तिथे आणून ठेवला. शॉट दोन.

पुढे: "दोघंही याच क्लबात. सतरा वेळा समोरासमोर खेळलो असू. गुण सांगायला बोलायचा, तेवढंच."

त्यानंतर: "म्हणून मी स्किप झाले. तोही स्किप होता. दोन्ही स्किप एकाच टोकाला उभे असतात ना." इथे त्या चक्क थांबल्या, माझ्याकडे बघून घेतलं. समोरच्या स्किपला मध्येच थांबलेल्या आम्ही खटकलो असणार, त्याने घसा खाकरला.

त्यापुढच्या एंडला मी मुद्दाम उजवीकडून गेले आणि विचारलं, "मग?"

"मग काय. गेला. मृत्युपत्रात घर मुलांना आणि बाउल मला. घरात राहून तीन तडकले, लाकूड सुकलं की तडकतं. हा राहिला."

सामना आम्ही जिंकलो की हरलो ते मला आठवत नाही, हे खोटं वाटेल, पण खरं आहे. हे त्यांनी का सांगितलं, आजच का, असले प्रश्न मी विचारले नाहीत. समोरासमोर खुर्चीत बसून ही गोष्ट त्यांनी सांगितली असती असं मला वाटत नाही, आणि मलाही ती ऐकवली नसती. चालता चालता सांगितलं की ऐकणाऱ्याला चेहरा करावा लागत नाही.

मीही मग माझं काहीबाही सांगायला लागले. एकदा क्रिकेटची फुशारकी मारली, तर उत्तर आलं पुढच्या एंडला: क्रिकेटवाले डब्ल्यू. जी. ग्रेस म्हातारपणी बाउल्सच खेळत होते, १९०३ मध्ये इंग्लिश बोलिंग असोसिएशन निघाली तिचे पहिले अध्यक्ष तेच. दुसऱ्या एका दिवशी मी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेचा विषय काढला. आपल्याकडे बहुतेकांनी या खेळाचं नाव त्याच वेळी पहिल्यांदा ऐकलं, भारताच्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवून सुवर्णपदक आणलं तेव्हा. बाईंनी विचारलं, "लीड कोण होती?" मी म्हटलं, लव्हली चौबे. मग पिंकी, नयनमोनी सैकिया, आणि स्किप रूपा रानी तिर्की. त्या म्हणाल्या, "लीडचं नाव सांगणारी तू पहिलीच भेटलीस मला." कौतुकाच्या नावाखाली मला त्यांच्याकडून आजवर मिळालेलं एवढंच.

त्या मोसमात मी एकेरीतही नाव दिलं होतं आणि माझ्या सामन्याला मार्कर म्हणून नेमक्या बाई आल्या. एकेरीत जॅकपाशी जोडीदार नसतो, तिथे मार्कर उभा असतो. जॅक मध्ये ठेवणं, खडूची खूण करणं ही त्याची कामं, आणि ज्याची पाळी आहे त्याने विचारलं तरच, विचारलं तेवढंच सांगायचं. इतक्या दिवसांची ओळख, म्हणून मी मॅटवरून त्यांच्याकडे अपेक्षेने बघत होते. त्या माझ्याकडे अनोळखी माणसासारख्या बघत होत्या. शेवटाशेवटी मी विचारलं, "माझा बाउल जॅकपासून किती?" उत्तर, "मागे, दीड फूट." मग मी जोरात ड्राइव्ह मारला आणि सगळं विस्कटून टाकलं. त्या विस्कटण्यात माझाच शॉट गेला. मला वाटत होतं शॉट समोरच्या खेळाडूचा आहे. सामन्यानंतर मी थोडी घुश्शातच होते. बाई म्हणाल्या, "शॉट कुणाचा हे तू विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." आणि मग, माझ्या समाधानासाठी असेल, "तसाही तो ड्राइव्ह वाईटच होता."

ड्राइव्हवरून आमचं अजूनही पटत नाही. मला तो आवडतो. जड बाउल पूर्ण वेगाने जाऊन सगळी मांडणी उधळतो, बघणाऱ्यांनाही मजा येते. बाईंना तो आळशीपणा वाटतो. समोरच्याने इतक्या निगुतीने ठेवलेलं मोडायला डोकं लागत नाही, ठेवायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. यावर माझं म्हणणं असं की जॅकभोवती तिघे पहारेकरी बसवलेले असतील आणि एकच बाउल हातात उरला असेल तर डोकं लावून लावणार किती? एक-दोनदा त्यांनीही मारलाय, बोलिंग आर्मने, आणि नेमका. त्या म्हणतात ती वेळ वेगळी होती.

पुढच्या मोसमासाठी आम्ही पुन्हा एकत्र नाव देतोय. या वेळी लीड आपण खेळणार आणि स्किप मी व्हावं, असं त्यांनी जाहीर केलंय. कारण विचारलं तर म्हणतात, लांबच्या टोकाकडचे बाउल आता पूर्वीसारखे वेगवेगळे दिसत नाहीत, मॅटवरून जवळ टाकायला अजून जमतं. मला हे कारण खरंही वाटतं आणि सोयीचंही, कारण लीडच श्रेष्ठ हे त्या किती वर्षं सांगत आल्या आहेत. मला स्किप व्हायचं नाही. तीस मीटरवरून बाईंना बाउल फूटभर कमी पडला म्हणून दाखवायचं, ते कुणाच्या हातून होणार? सेक्रेटरींच्या फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत. मी बाईंचं नाव स्किपच्या रकान्यात पेन्सिलने लिहून आले होते. परवा बघितलं तर खोडून खाली लीडमध्ये घातलेलं, नकाशावर लिहितात तसल्या सुबक अक्षरांत, शाईने.